समोर काय होतं?

आहेर सरांना शाळेने निरोप समारंभ दिला नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे लिहिता लिहिता त्यांच्या गमती आठवतील आणि माझा राग निवेल. तो निवायला नको आहे. आमच्या शाळेत कशाचाही समारंभ होतो. नवं झेरॉक्स मशीन आलं तेव्हा त्याला हार घातलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. नारळ फुटला, ढोकळा वाटला, फोटो ग्रुपवर पडले. आणि एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस एका शनिवारी दुपारी डबा पिशवीत टाकून निघून गेला, तेव्हा ऑफिसच्या खिडकीचा पडदासुद्धा हलला नाही.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. इंदिरानगरातली इंग्रजी माध्यमाची शाळा. तिथे मराठीच्या बाईला काय किंमत असते ते मराठी वाचणाऱ्यांना सांगायला नको. सगळे मला ‘मॅडम’ म्हणतात. आहेर सर एकटे ‘बाई’ म्हणायचे. ते सटाण्याकडचे. घरात अहिराणी, शाळा जिल्हा परिषदेची, इंग्रजी अक्षरं पहिल्यांदा पाहिली ती पाचवीत. बाकीचे शिक्षक ज्या इंग्रजीत जन्मल्यासारखे वावरायचे, ती सरांनी एकेक शब्द करून मिळवली होती. त्यामुळे कुणी शब्द कसाही फेकलेला त्यांना खपत नसे. उंच, खांद्यात वाकलेले, खिशात लाल पेन, आणि उजव्या हाताची तर्जनी कायम खडूने पांढरी. वरणभातसुद्धा ते बोट न धुताच खातात, असा आमचा स्टाफरूममधला संशय होता.

त्यांचं एक वेड होतं. चालता चालता अचानक दिशा बदलणं, यासाठी इंग्रजीत जेवढे शब्द आहेत ते सगळे त्यांनी गोळा केले होते. टर्न, व्हिअर, स्वर्व, डॉज, डेविएट, लर्च आणि असे आणखी कितीतरी. गाइडमध्ये हे सगळे एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन, समानार्थी म्हणून छापलेले असतात. ती ओळ दिसली की सरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“समानार्थी म्हणे! बाई, तुमच्या वर्गात तुम्ही रडणं आणि मुसमुसणं एकच म्हणून शिकवता का?”

“नाही.”

“मग?”

दर वर्षी सातवीच्या मुलांना ते ग्राउंडवर न्यायचे. खडूने एक लांब सरळ रेघ मारायचे आणि मुलांना तिच्यावरून चालायला लावायचे. टोकाशी हात दाखवून शांतपणे वळला, तो टर्न. काही कारण नसताना रेघेवरून हळूच एका बाजूला सरकत गेला, तो व्हिअर. “वारा व्हिअर होतो, झिंगलेला माणूस व्हिअर होतो. त्यांना कुणी कारण विचारत नाही.” मग एक मुलगी धावत यायची, सर ऐनवेळी रेघेवर बाक सरकवायचे, आणि ती किंचाळून बाजूला व्हायची. सगळा वर्ग ओरडायचा, “स्वर्व!” सर विचारायचे, “का?” आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, “समोर बाक होता!”

हा त्यांचा सगळा धडा. स्वर्व लिहायचा असेल तर आधी सांगायचं, समोर काय होतं. सांगता येत नसेल तर तो शब्द वापरायचा नाही. आणि समोर काहीतरी असताना व्हिअर लिहिलं, तर वहीत लाल पेनने भलामोठा गोल आणि खाली प्रश्न. मुलं त्यांना पाठीमागे ‘समोरकाय सर’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं.

मी त्यांना चिडवायची. “आमच्या मराठीत बगल देणं आहे, हुलकावणी आहे, झोकांडी आहे. तुमचं इंग्रजी काय सांगता?”

“बगल देणं म्हणजे डॉज. झोकांडी म्हणजे लर्च. स्वर्वला काय म्हणाल, ते सांगा.”

मला सांगता आलं नाही. ते दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, “बाई, ड्रायव्हर लोक ‘गाडी दाबली’ म्हणतात. चांगला शब्द आहे. तुमच्याकडे घ्या.” वादात जिंकलेला शब्दही ते असा आणून द्यायचे.

माझी गाडी बंद पडली की ते मला स्कूटरवर सोडायचे. त्यांच्या मागे बसणं ही शिक्षा होती. हायवेखालच्या बोगद्याशी तर चारी बाजूंनी वाहनं अंगावर येतात, आणि सर प्रत्येकाची इयत्ता लावत चालवायचे. रिक्षा कुत्रं वाचवून गेली की समाधानाने म्हणायचे, “स्वर्व.” एखादा बुलेटवाला उगाच नागमोडी घुसला की थांबून, मान वळवून, त्याच्याकडे बघत म्हणायचे, “याला कुठल्याच भाषेत शब्द नाही.” मागून हॉर्नचा कल्लोळ. मी पदराने तोंड झाकून घ्यायची.

आता रजिस्टरची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर झालं. आमच्याकडे काहीही ठरलं की ऑफिसमध्ये त्याचा इंग्रजीत कागद होतो, तो रजिस्टरला चिकटतो, आणि शिपाई शांतामावशी तो घेऊन वर्गावर्गात फिरतात. शिक्षकाने खाली सही करायची. कुणी वाचत नाही. तास चालू असतो, मावशी दारात उभ्या असतात, वरच्या दहा जणांनी केलेली असते, आपण अकरावे. वाचत बसलं तर मावशी म्हणतात, “मॅडम, सगळ्यांनी केली.” वाचून सही करणं म्हणजे संस्थेवर अविश्वास दाखवणं, असा एक न लिहिलेला नियमच होता. आहेर सर मात्र शब्द न् शब्द वाचायचे. म्हणून मावशी त्यांच्याकडे सर्वांत शेवटी जायच्या. एकदा प्राचार्य मॅडमचं स्नेहसंमेलनाचं परिपत्रक त्यांनी लाल पेनने तपासून परत पाठवलं. खाली लिहिलं होतं, दहापैकी सहा. शेरा: प्रयत्न चांगला. आम्ही आठवडाभर हसलो. प्राचार्य मॅडम हसल्या नाहीत.

सोमनाथ भोये आमच्या बसचा ड्रायव्हर. पेठकडच्या आदिवासी पाड्यावरचा माणूस. शांत, काटक, मुलांना ‘दादा, ताई’ म्हणणारा. बसचा ब्रेक नीट लागत नाही अशी त्याची तक्रार होती. तोंडी सांगून ऑफिसात कुणी ऐकेना, तेव्हा तो माझ्याकडे आला. “बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. दोन वळी लिहून द्या.” मी अर्ज लिहून दिला. महिन्याने पुन्हा आला, पुन्हा दिला. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा मीच चिडून ‘मुलांच्या जिवाशी खेळ’ असे शब्द घातले. कच्चा मसुदा माझ्या वहीत, पक्का अर्ज ऑफिसात. तिन्ही वेळा.

दिवाळीची सुट्टी संपून चार दिवस झाले होते. सकाळची बस पाथर्डी रस्त्याने येत होती. कडेला रिक्षा उभ्या होत्या, आणि त्यांच्या मधून एक म्हातारी डोक्यावर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन एकदम रस्त्यात आली. भोयेने ब्रेक दाबला. लागला नाही. त्याने स्टिअरिंग उजवीकडे मारलं, बस दुभाजकावर चढून थांबली. एका मुलाचा पुढचा दात पडला, एका मुलीचं मनगट मुरगळलं. म्हातारीला साधं खरचटलंसुद्धा नाही. ती घाबरून बाजाराकडे निघून गेली. तिचं नाव कुणी विचारलं नाही.

पालकांच्या ग्रुपवर जे सुरू झालं त्याचं वर्णन करून मला माझी लेखणी विटाळायची नाही. ड्रायव्हर प्यायला होता इथपासून ड्रायव्हर ‘तिकडचाच’ आहे इथपर्यंत सगळं लिहून झालं. लिहिणारे सगळे शिकलेले. घटनास्थळी एकही नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर हवं होतं, आणि संस्थेला ते प्रकरण संपवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशी रजिस्टर घेऊन आल्या. माझ्या एका हातात पोह्यांचा चमचा होता. वरच्या चौदा जणांनी केली होती. मी केली.

आहेर सरांनी वाचलं. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, की चालकाचं लक्ष नसल्याने बस व्हिअर होऊन दुभाजकावर गेली. बसबद्दल यापूर्वी कुणाचीही कसलीही तक्रार नव्हती. चालकाने हे मान्य केलं आहे. आणि सर्व शिक्षकांनी नोंद घेतली आहे. खाली पहिली सही भोयेची होती. त्याला सांगितलं होतं की मेडिकलचा फॉर्म आहे.

सरांनी ‘व्हिअर’भोवती लाल गोल काढला, समासात त्यांचा तो प्रश्न लिहिला, आणि सही न करता रजिस्टर घेऊन थेट प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच राहिलं. अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू येत होतं.

“सर, एका शब्दाने काय फरक पडतो?”

“पडतो. स्वर्व लिहिलं की रस्त्यात ती म्हातारी येते. म्हातारी आली की ब्रेक का लागला नाही, हे विचारावं लागतं. व्हिअर लिहिलं की रस्ता रिकामा. मग उरला फक्त ड्रायव्हर.”

“बरं, डेविएटेड लिहू या? ते जरा सौम्य वाटतं.”

सरांचा आवाज एवढा चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. “हाई सौम्य शे? वाट सोडून गेला असा अर्थ होतो त्याचा! त्या माणसाने एक जीव वाचवला, आणि तुम्ही त्याला वाट सोडली म्हणून लिहिता?”

तिकडून उत्तर आलं की तुम्ही म्हणता ती म्हातारी कुणी पाहिलीच नाही. असेल तर आणा.

सर आणायला गेले. रोज सकाळी सहा वाजता पाथर्डी रस्त्यावर, जिथे आसपासच्या मळ्यांमधल्या बाया पालेभाजी घेऊन बसतात तिथे. ते प्रत्येकीला विचारायचे, बस अंगावर आली होती ती तुम्ही का? सरांची ती खालवर बघायची ढब, खिशातलं पेन. बायांना वाटायचं, अतिक्रमणवाला आला. त्या पाट्या उचलून पळायच्या. नवव्या दिवशी हौसाबाई सापडल्या. त्या पळाल्या नाहीत. सर शाळेत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत मेथी होती आणि चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा.

“बाई, तिने हाताने करून दाखवलं. अशी आली, अशी दाबली. डिक्शनरीतसुद्धा इतकं स्पष्ट नाही हो!”

मीटिंग बोलावली गेली. विश्वस्त साहेब, प्राचार्य मॅडम, आम्ही सात-आठ जुने शिक्षक, कोपऱ्यात उभा भोये. हौसाबाईंना आधी बाहेर बाकावर बसवलं होतं. सरांनी त्यांना आत आणून खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

“म्या रस्त्यात आले, चूक माझीच हाय,” त्या म्हणाल्या. “लय घाई व्हती. बस पाहिली अन् पाय उचलंना. त्यानं नसती दाबली त मी आज नाय. त्या पोराला काई करू नका साहेब.”

विश्वस्त साहेबांनी घड्याळ बघितलं. “आजी, बरोबर आहे. पण रिपोर्ट इंग्रजीत आहे, त्यातलं तुम्हाला काय कळणार?”

तेव्हा सरांनी खिशातून खडू काढला. मीटिंग रूमच्या नव्या कोऱ्या फरशीवर त्यांनी सरळ रेघ मारली. हौसाबाईंच्या पिशवीतली मेथीची जुडी घेऊन रेघेवर ठेवली, आणि म्हणाले, “साहेब, या. तुम्ही बस. जोरात चालत या, आणि इथे आल्यावर काय करता ते मला एका शब्दात सांगा. सातवीची मुलं सांगतात.”

कुणी हसलं नाही. साहेब उठले नाहीत. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, “सर, फरशी खराब होतेय.” मला हे वाक्य मरेपर्यंत विसरता येणार नाही. एका माणसाची रोजीरोटी आणि नाव टांगणीला लागलेलं, आणि यांना फरशी.

मग साहेब म्हणाले, “मान्य करू की आजी होत्या. पण ब्रेकची तक्रार कुठे आहे? ऑफिसात एकही अर्ज नाही.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “अर्ज बाईंनी लिहून दिले होते. तीन. भोयेने मला सांगितलं आहे. हो ना, बाई?”

प्राचार्य मॅडमनी रजिस्टर उघडून हळूच माझ्याकडे फिरवलं. ‘कसलीही तक्रार नव्हती’ या ओळीखाली माझी सही. गोलाईदार, सुवाच्य, पंधरावी. “मॅडम, ही तुमचीच ना?” त्या गोड आवाजात म्हणाल्या. भोये माझ्याकडे बघत होता. हौसाबाई बघत होत्या. त्यांना तर मी कोण हेही माहीत नव्हतं.

“मला नक्की आठवत नाही,” मी म्हणाले.

ग्रुपवाल्यांवर, फरशीवर, पडद्यावर मी एवढी चिडते, ती का चिडते ते आता कळलं असेल.

सरांनी वाकून जुडी उचलली, हौसाबाईंच्या हातात दिली आणि त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. रिपोर्ट आहे तसा राहिला. त्यावर फक्त एक सही नाही.

भोयेला काढलं. दुसऱ्या शाळेत गेला की पहिल्या शाळेचं पत्र मागायचे, आणि पत्राऐवजी तो रिपोर्ट पुढे यायचा. शेवटी तो पेठला भावाच्या भाताच्या खाचरात गेला. वीस वर्षं मुलांची बस चालवलेला माणूस. सरांकडून सातवी काढून घेतली आणि त्यांना लायब्ररीत बसवलं, पुस्तकांना नंबर घालायला. तिथेही ते मागे लागून डिक्शनऱ्या दुरुस्त करत बसायचे. मुलं खिडकीतून विचारायची, “सर, समोर काय होतं?” ते म्हणायचे, “कपाट!” आणि मुलांआधी स्वतःच हसायचे. माझ्याशी ते पहिल्यासारखंच बोलायचे. डब्यातली मिरचीची भाजी वाढायचे. मला वाटतं त्यांनी मला झापलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच त्यांनी झापलं नसावं.

मे महिन्यात, शाळा बंद झाल्यावर, मी माझी वही घेऊन पेठला गेले. तिन्ही मसुदे, तारखांसकट. भोयेने उभ्याउभ्याच वाचले. त्याच्या बायकोने चहा आणला. तो म्हणाला, “बाई, आता ह्याचं काय करू? तिथं माझीपन सही हाय, तुमचीपन हाय.” थोड्या वेळाने म्हणाला, “तवा बोलल्या असत्या तं.” आणि वही परत न देता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला खोचून ठेवली. तिचं पुढे काही होईल का, मला माहीत नाही. पण आता ती माझ्या कपाटात नाही.

सरांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, एप्रिलमध्ये ते नोकरी सोडून निघाले त्या शनिवारी. मी धावत पार्किंगमध्ये गेले. हातात काहीतरी असावं म्हणून कँटीनमधून दोन पेढे घेतले होते. त्यांनी ते लगेच खाल्ले, खडूच्या बोटानेच. मी म्हणाले, “सर, त्या दिवशी मीटिंगमध्ये...” ते स्कूटर स्टँडवरून काढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सातवीतल्या एखाद्या चुकलेल्या पोरीला विचारावं तसं, अजिबात न रागावता विचारलं.

“बाई, समोर काय होतं?”

मी उत्तर शोधत राहिले. निवृत्तीला माझी चार वर्षं राहिली होती. नोकरी गेली असती का? नसती गेली. फार तर मलाही लायब्ररीत बसवलं असतं. त्यांनी किक मारली. फाटकाशी हात दाखवून रीतसर वळले, आणि बोगद्याच्या दिशेने दिसेनासे झाले.

उत्तर मला ठाऊक होतं. समोर काहीच नव्हतं, सर. रस्ता मोकळा होता.